करवत कोणती?

परवा घरात भिंत कापून एक खिडकी काढायची होती. गवंडी म्हणाला, "गुरुजी, छिन्नी लावू की कटर?" मागे एकदा छिन्नीच्या दणक्यांनी पार कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. म्हटले, कटरच आण बाबा. आणि मला अबू सिंबेल आठवले.

इजिप्तमध्ये आस्वानचे मोठे धरण होऊ लागले, तेव्हा दुसऱ्या रामसेसने सुमारे ३२०० वर्षांपूर्वी डोंगरात कोरवून घेतलेली दोन देवळे पाण्याखाली जाणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर नेऊन पुन्हा उभी केली. हजाराहून जास्त तुकडे, काही वीस-तीस टनांचे!

दगड ठिसूळ वालुकाश्म. सुरुंग लावावा तर शिल्पेच ढासळायची. म्हणजे करवतच हवी, पण कोणती? मागच्या बाजूला यांत्रिक करवती चालवल्या. तिथे वेग महत्त्वाचा. दर्शनी बाजूला मात्र हातकरवती, इटलीतल्या संगमरवर कापणाऱ्या कारागिरांच्या हातात. कारण करवतीच्या पात्याएवढा दगड भुगा होऊन कायमचा जातो. राजाच्या गालावरची फट काही मिलिमीटरच राहायला हवी होती.

एकाच दगडाला दोन करवती! काय कापायचे यापेक्षा काय वाचवायचे, यावर हत्यार ठरते. शाळेत मुलांना रागावताना हे कळले असते तर किती बरे झाले असते, असे आता वाटते.

खिडकी झाली. तडा नाही.