सुरकुत्यांच्या क्रीममागचा तुरुंग

सुरकुत्यांवरच्या ट्रेटिनॉइन क्रीमची गोष्ट फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातून जाते. त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात तिथल्या कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग केले. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय. काहींचा खटलाही अजून संपलेला नव्हता. हातावर थोडे डॉलर पडत, धोके मात्र नीट सांगितले जात नसत.

ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही तिथल्याच. १९७१मध्ये ते मुरुमांवरचं औषध म्हणून आलं. वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका सांगू लागल्या, सुरकुत्याही कमी झाल्यात. उन्हाने खराब झालेल्या त्वचेत ते कोलॅजन वाढवतं. १९८६मध्ये क्लिगमन यांचा त्यावर शोधनिबंध आला.

माजी कैद्यांनी २००० साली दावा लावला. मुदत उलटली म्हणून तो फेटाळला गेला. शहराने माफी मागितली २०२२मध्ये. औषध खरंच गुण देतं. म्हणूनच, ते ज्यांच्या अंगावर तपासलं त्यांचं देणं अजून बाकी आहे.