खालिद जमील : मुंबईच्या मैदानातून राष्ट्रीय संघापर्यंत

भारतीय व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची दीर्घकाळ परदेशी पाहुण्यांसाठी राखीव असल्यासारखी होती. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाल्यानंतर तर भारतीय प्रशिक्षकाच्या वाट्याला बहुधा साहाय्यकाचे पदच येत असे. ही चौकट मोडणाऱ्या मोजक्या नावांत मुंबईकर खालिद जमील यांचे नाव अग्रभागी आहे. तळाच्या संघाला विजेतेपद मिळवून देण्यापासून राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदापर्यंतची त्यांची वाटचाल भारतीय फुटबॉलच्या स्थित्यंतराचाही आलेख आहे.

खेळाडू म्हणून कारकीर्द

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. फुटबॉलपटू म्हणून ते घडले ते मात्र मुंबईत. मधल्या फळीतील खेळाडू म्हणून त्यांनी महिंद्र आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांचे, तसेच भारताचेही प्रतिनिधित्व केले. त्या काळी मुंबईचे फुटबॉल प्रामुख्याने कंपन्यांच्या आणि सरकारी आस्थापनांच्या संघांवर उभे होते. दुखापतींनी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द लवकर आटोपली. २००७मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या क्लबमध्ये ते खेळाडू म्हणून दाखल झाले आणि २००९मध्ये तेथेच प्रशिक्षक झाले.

मुंबई एफसीची सात वर्षे

२००९ ते २०१६ अशी सलग सात वर्षे एकाच क्लबची धुरा सांभाळणे, ही भारतीय क्लब फुटबॉलमध्ये दुर्मीळ गोष्ट होय. या क्लबकडे गोवा वा कोलकात्यातील मातब्बर क्लबांसारखी आर्थिक ताकद नव्हती. कूपरेज मैदान उपलब्ध नसताना काही हंगामांत 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. २०१०मध्ये महिंद्र युनायटेडने गाशा गुंडाळल्यावर तर शहरातील व्यावसायिक फुटबॉलचा पायाच खचला होता. अशा स्थितीत संघाला आय-लीगमध्ये टिकवून ठेवणे हेच जमील यांचे मुख्य काम होते आणि ते त्यांनी चोख बजावले. भक्कम बचाव, शिस्तबद्ध रचना आणि संधी मिळताच वेगवान प्रतिहल्ला ही त्यांच्या संघांची ओळख याच काळात घडली. २०१६मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

ऐझॉलचा चमत्कार

त्यानंतर जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीची सूत्रे हाती घेतली. २०१५-१६च्या हंगामात हा क्लब आय-लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्यातील क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील यांनी मुंबई एफसीतील आपले जुने शिष्य जयेश राणे व आशुतोष मेहता यांना सोबत नेले. सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान आणि स्थानिक मिझो तरुण यांची मोट त्यांनी बांधली.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने मोहन बागानला १-० असे नमवले. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून संघाने विजेतेपदावर शिक्कामोर्तब केले. १८ सामन्यांत ऐझॉलचे ३७ गुण झाले, तर मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लबने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. दैवदुर्विलास असा, की त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंदच पडला. ज्या शहराने या प्रशिक्षकाला घडवले, त्या शहराच्या वाट्याला त्याच्या सर्वांत मोठ्या यशातील हिस्सा आला नाही.

यश आणि अपयश

या यशानंतर ईस्ट बंगाल (२०१७-१८) आणि मोहन बागान (२०१९) या कोलकात्यातील दोन्ही बलाढ्य क्लबांनी त्यांना पाचारण केले. मात्र अपेक्षांचे ओझे मोठे असलेल्या तेथे त्यांना आय-लीगचे विजेतेपद मिळवता आले नाही.

जानेवारी २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात त्यांच्याकडे हंगामी सूत्रे दिली. साखळीतील उरलेल्या नऊ सामन्यांत संघ अपराजित राहिला. त्यात सहा विजय होते. आयएसएलच्या बाद फेरीत संघ नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. पुढच्या हंगामासाठी त्यांना पूर्णवेळ नेमण्यात आले, पण तेव्हा संघ ११पैकी दहाव्या स्थानी घसरला. तेच पद, तोच प्रशिक्षक. निकाल मात्र उलटा, असा या व्यवसायाचा बेभरवशी स्वभाव आहे.

जमशेदपूर एफसीने डिसेंबर २०२३च्या अखेरीस त्यांच्यावर जबाबदारी सोपवली. २०२४-२५मध्ये संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत पोहोचला. २०२५च्या सुपर कपमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात घरचे सामने खेळणाऱ्या मुंबई सिटी एफसीला उपांत्य फेरीत १-० असे हरवून त्याने अंतिम फेरी गाठली. तेथे एफसी गोवाने त्याला ३-० असे पराभूत केले. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जमील यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला.

राष्ट्रीय संघ

१ ऑगस्ट २०२५ रोजी महासंघाने त्यांची राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड केली. २०११-१२मधील सावियो मेदेरा यांच्यानंतर प्रथमच हे पद भारतीयाकडे आले. सुरुवात आश्वासक झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या काफा नेशन्स कपमध्ये भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले आणि ८ सप्टेंबरला ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरे स्थान मिळवले.

मात्र आशियाई चषक पात्रता फेरीने वास्तवाची जाणीव करून दिली. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी १-१ अशी बरोबरी झाल्यानंतर मडगावात १४ ऑक्टोबरला त्याच संघाकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७च्या स्पर्धेचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही भारताला १-० असे हरवले.

मूल्यमापन

जमील यांची शैली प्रेक्षणीय नाही, अशी टीका होते. त्यांचे संघ चेंडूवर ताबा ठेवण्यापेक्षा जागा अडवण्याला महत्त्व देतात. पण तुटपुंज्या साधनांनिशी लढणाऱ्या संघांना या पद्धतीने वारंवार तारले, हेही नाकारता येत नाही. क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू महिनोन्महिने रोज सरावाला मिळतात, राष्ट्रीय प्रशिक्षकाला मात्र थोडेच दिवस. ज्या चिकाटीच्या सरावावर जमील यांची कारकीर्द उभी राहिली, नेमका त्यासाठीच लागणारा वेळ नव्या पदावर त्यांच्या हाती नव्हता.