माझदा ७८७बी

माझदा या जपानी मोटार कंपनीने १९९१ च्या हंगामासाठी बांधलेली, दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींची प्रोटोटाइप गाडी. म्हणजे दुकानात विकायच्या मॉडेलशी नाते नसलेली, केवळ शर्यतीसाठी घडवलेली. फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत तिने २२-२३ जून १९९१ रोजी जिंकली. जपानी कंपनीचा तिथला हा पहिला विजय. दुसऱ्यासाठी टोयोटाला २०१८ साल उजाडावे लागले. पिस्टन नसलेल्या एंजिनाने मिळवलेला तर तो तिथला आजवरचा एकमेव विजय आहे. या वेगळेपणामुळे गाडीच्या कर्कश आवाजाचे आणि नारिंगी-हिरव्या रंगसंगतीचे भरपूर कौतुक होते, पण विजयाचे श्रेय मात्र नियमांतल्या सवलतीला किंवा नशिबाला देऊन विषय मिटवला जातो. हा न्याय बरोबर नाही. ७८७बी जिंकली ती इंधनाच्या काटकसरीवर आणि टिकाऊपणावर, आणि ज्या एंजिनाची बदनामीच या दोन बाबतींत होती त्या एंजिनाच्या जोरावर.

७८७बीच्या रोटरी एंजिनाची कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांची. माझदाने १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी परवान्याचा करार केला, आणि केनिची यामामोटो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी १९६७ च्या ‘कॉस्मो स्पोर्ट’पर्यंत ते एंजिन विकण्याजोगे केले. त्यात वर-खाली होणारे पिस्टन आणि झडपा नसतात; फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कमरेशी आवळलेल्या पोकळीत फिरतो. हलणारे भाग थोडे, म्हणून एंजिन लहान आणि हलके. पण इंधन जिथे पेटते ती जागा लांब, चपटी आणि सतत सरकणारी असते. ज्योत कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, थोडे इंधन न जळताच बाहेर जाते, पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णताही वाया जाते. शिवाय रोटरच्या तिन्ही टोकांवरचे सील झिजतात. पेट्रोल मोजून मिळते अशा शर्यतीत हे एंजिन घेऊन उतरणे म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरणे.

ल माँला माझदाचे रोटरी एंजिन प्रथम धावले ते १९७० मध्ये, शेव्हरॉन बी१६ या ब्रिटिश बनावटीच्या गाडीत. १९७३ मध्ये जपानच्या सिग्मा संघाने माझदाचेच रोटरी एंजिन घेऊन तिथे पाऊल टाकले. १९७९ मध्ये माझदाच्या आरएक्स-७ ला पात्रता फेरीही पार करता आली नाही. १९८३ मध्ये ७१७सी आपल्या छोट्या गटात पहिली आली, तरी एकूण क्रमवारीत बारावी होती. पुढे तीन रोटरांची ७५७ आणि चार रोटरांची ७६७ आली. १९८७ आणि १९८९ मध्ये सातवा क्रमांक मिळाला. १९९० मध्ये उतरवलेल्या दोन्ही ७८७ गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. हा सगळा इतिहास हळूहळू मुरत गेलेल्या अनुभवाचा आहे, आणि नशिबाचा सिद्धान्त मांडणारे नेमके तेच विसरतात.

सुधारलेल्या ७८७बीची चौकट नायजेल स्ट्राउड यांनी आखली होती. तिचे आर२६बी एंजिन चार रोटरांचे, २.६ लिटरचे, सुमारे ७०० अश्वशक्तीचे होते. माझ्या मते या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील अश्वशक्तीचा नाही, तर त्या एंजिनाने जुन्या दोषांवर शोधलेल्या उत्तरांचा आहे. प्रत्येक रोटरमागे तीन स्पार्क प्लग होते, त्यामुळे ज्योत कोपऱ्यात लवकर पोचे. हवा आत घेणाऱ्या नळ्या दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होत, त्यामुळे कमी वेगालाही एंजिन ओढ धरी आणि पेट्रोल वाचे. टोकांचे सील सिरॅमिकचे होते. त्या वर्षी नव्या नियमांच्या गाड्यांसोबत ७८७बीसारख्या जुन्या नियमांच्या गाड्याही धावत होत्या; या जुन्या गटातल्या गाड्यांना २४ तासांसाठी २,५५० लिटर इंधनाची मर्यादा होती. त्यात ७८७बीने ३६२ फेऱ्या, म्हणजे ४,९२२ किमी अंतर कापले, लिटरमागे १.९ किमीहून थोडे अधिक. मोठ्या व्ही-१२ एंजिनांच्या जॅग्वार गाड्यांना हाच हिशेब जड गेला. त्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आल्या, पण वेग वाढवून माझदाला गाठण्याएवढे पेट्रोल त्यांच्यापाशी नव्हते.

पहिला आक्षेप वजनाचा आहे, आणि तो पोकळ नाही. जुन्या गटातल्या गाड्यांना किमान १,००० किलोची अट होती. माझदाला ८३० किलोची मुभा मिळाली. संघप्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी ती नियामकांशी बोलून मिळवली. १७० किलोंचा फरक टायर, ब्रेक आणि इंधन या तिन्हींवर पडतो, हे मान्यच करायला हवे. पण हलकेपणाने शर्यत जिंकता आली असती तर नव्या नियमांच्या, ७५० किलोच्या गटातल्या प्यूजो ९०५ गाड्या लवकर बाद झाल्या नसत्या. त्याच हंगामातल्या जागतिक मालिकेच्या इतर शर्यती बहुतेक ४३० किमीच्या होत्या, आणि तिथे माझदाला एकही विजय मिळाला नाही. सवलत निर्णायक असती तर तिचे फळ तिथेही दिसले असते. गाडी सर्वांत वेगवान नव्हती. स्पर्धा पुरेशी लांब असली की मगच तिची किंमत कळत होती.

दुसरा आक्षेप मर्सिडीजच्या बिघाडाचा. शर्यत संपायला सुमारे तीन तास उरले असताना आघाडीवरची झाउबर-मर्सिडीज सी११ एंजिन तापल्यामुळे पिटमध्ये आली आणि जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर व बर्ट्रांड गॅशो यांची ५५ क्रमांकाची माझदा पुढे गेली. मर्सिडीजचा तोंडाशी आलेला घास गेला हे खरे. मात्र तोपर्यंत दुसऱ्या क्रमांकावर टिकून राहणे ही माझदाची कमाई होती, आणि तिच्या उरलेल्या दोन गाड्याही सहाव्या व आठव्या क्रमांकावर पोचल्या. तिन्ही गाड्या शेवटपर्यंत धावल्या याला केवळ योगायोग कसे म्हणायचे? चोवीस तासांच्या शर्यतीत न मोडणे हीच परीक्षा असते. शेवटचे टप्पे सलग चालवणारा हर्बर्ट शरीरातले पाणी कमी होऊन इतका गळून गेला की त्याला विजयमंचावर उभे राहता आले नाही. गाडी मात्र शाबूत होती. ती आता हिरोशिमात माझदाच्या संग्रहालयात आहे.

जिंकल्याबद्दल रोटरी एंजिनावर बंदी घातली गेली, ही समजूत तर साफ चुकीची आहे. ३.५ लिटरच्या पिस्टन एंजिनांचा नियम त्या विजयाआधीच ठरलेला होता. नव्या नियमांच्या गाड्या पुरेशा संख्येने तयार नव्हत्या, म्हणून १९९१ मध्ये जुन्यांना जागा मिळाली. जॅकी इक्स यांच्यासारखा जाणकार सल्लागार लाभलेल्या संघाला ही शेवटची संधी आहे याची कल्पना होती. १९९२ मध्ये माझदा ल माँला पुन्हा आली ती एमएक्सआर-०१ घेऊन. तिची चौकट जॅग्वारच्या एक्सजेआर-१४ वर बेतलेली होती आणि मागे ‘जड’ (Judd) या कंपनीचे व्ही-१० एंजिन होते. ती चौथी आली.