राबते ती किल्ली

शिवकाळात गडाचा कारभार एका माणसाच्या हाती ठेवलेला नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे अधिकारी असत आणि प्रत्येकाची कामे वाटून दिलेली असत. त्यांत गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे. संध्याकाळी दरवाजे त्याने समक्ष बंद करायचे, कुलूप ओढून पाहायचे आणि किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत, असा दंडक होता. रायगडाच्या हिरकणीची कथा याच शिस्तीतून जन्माला आली. दरवाजा एकदा मिटला की तान्ह्या लेकराच्या आईसाठीही उघडायचा नाही, हे ऐकणाऱ्याला पटते, म्हणूनच ती कथा उभी राहते. तोफा, तट, बुरूज यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. रोज संध्याकाळी हवालदाराच्या कमरेला परतणाऱ्या त्या लोखंडाच्या तुकड्याविषयी फारच थोडे.

एरवी मोठ्या दरवाजांचा भार किल्लीवर नसे, तो आगळीवर असे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्याने उभारलेला भडकल दरवाजा आजही शहरात आहे. औरंगजेबाच्या काळात, १६८२ मध्ये, तटबंदी झाली आणि दरवाजांची संख्या वाढली. छावणीच्या दिशेने जाणारा बारापुल्ला दरवाजा त्यांतलाच. अशा दरवाजांच्या मागे भिंतीत खोल पोकळी ठेवलेली असते. दिवसा जाडजूड लाकडी आगळ त्या पोकळीत सरकवून ठेवायची, रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवायची. हत्तीने धडक दिली तरी भार भिंतीवर जातो. पण आगळीला एक अट आहे: ती लावायला आणि काढायला आत माणूस हवा.

जुन्या वाड्यांचेही तसेच. घरात कायम कुणी ना कुणी असायचेच, त्यामुळे बाहेरच्या दाराला आतून अडसर पुरे. कुलपे असत ती आतल्या खोल्यांना: कोठीला, फडताळाला, दागिन्यांच्या पेटीला. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला. सून घरात येऊन वर्षे लोटली तरी तो जुडगा सासूच्या कमरेवरून हलत नसे, आणि ज्या दिवशी हले त्या दिवशी घरातले राज्य बदलले असे सगळेच समजून जात.

बाहेरच्या दाराला कुलूप लागते ते माणसे घर सोडून जाऊ लागली की. कुलूपकिल्लीचा खरा विस्तार झाला तो स्थलांतराच्या काळात, आणि छत्रपती संभाजीनगरात त्याचे पहिले ठिकाण शोधायचे तर खाम नदीपलीकडची छावणी समोर येते. निजामाच्या खर्चाने पोसलेले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालचे हैदराबाद कंटिन्जंट इथे तळ ठोकून होते. १८५७ च्या जूनमध्ये याच तळावरच्या घोडदळात असंतोष पेटला. तो चिरडताना ज्या जागी शिक्षा दिल्या गेल्या ती काळ्या चबुतऱ्याची जागा आज क्रांती चौक म्हणून ओळखली जाते. १९०३ मध्ये हे दल हिंदी सैन्यात विलीन झाले. सैनिकाचे घर म्हणजे त्याची पेटी. बदली झाली की पेटी गाडीवर चढते, नव्या ठिकाणी उतरते, आणि तिच्या कडी-कोयंड्यातले कुलूप हेच त्याचे दार. १९०० साली मनमाडकडून रेल्वे आली आणि ट्रंका वाहणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली.

ही कुलपे यायची कुठून? विलायतेहून आलेला माल होता आणि अलीगढचाही. अलीगढमध्ये १८७० च्या सुमारास जॉन्सन नावाच्या इंग्रज कंपनीने विलायती कुलपे विकायला सुरुवात केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथेच ती बनू लागली. दक्षिणेत तमिळनाडूतल्या दिंडिगुलची हातघडणीची कुलपे नावाजलेली होती. त्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्राचे आपले कुलूप मात्र मुंबईच्या लालबागेत घडले, आणि ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

आर्देशीर गोदरेज हे वकील. झांझिबारमध्ये एका खटल्यात पक्षकाराची बाजू रेटण्यासाठी सत्य वाकवणे त्यांना जमले नाही आणि त्यांनी वकिली सोडली. मुंबईला परतून मेरवानजी कामा या स्नेह्याकडून कर्ज घेतले आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवायला घेतली. हत्यारे चांगली उतरली. पण ती विकत घेणारी इंग्रज कंपनी त्यांच्यावर हिंदुस्थानात बनल्याची खूण उमटवायला राजी नव्हती, आणि आर्देशीर त्या खुणेशिवाय द्यायला राजी नव्हते. धंदा तिथेच थांबला. त्याच सुमारास मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. १८९७ च्या मे महिन्यात गॅस कंपनीच्या शेजारी २१५ चौरस फुटांची एक शेड भाड्याने घेऊन त्यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. एकेका खोलीत कोकणातून, घाटावरून आलेले कितीतरी गडी राहायचे, पाळीप्रमाणे ये-जा करायचे, आणि प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लागलेली. कुलपाची गरज या वस्तीइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

पहिली कुलपे ‘अँकर’ नावाने बाजारात आली. पण आर्देशीरांची कल्पकता दिसते ती पुढच्या ‘गॉर्डियन’ कुलपात. त्याच्या दोन किल्ल्या मिळत. दोन्हींनी कुलूप उघडे आणि लागे. मात्र दुसऱ्या किल्लीला आणखी एक अधिकार होता: तिने आतली रचनाच बदलता येई, म्हणजे पहिली किल्ली चालेनाशी होई. नोकराकडे दिलेली किल्ली हरवली, कुणी तिची नक्कल करून घेतली असा संशय आला, तर मालकाने घरबसल्या ती निकामी करायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घरातल्या विश्वासाच्या पायऱ्या धातूत इतक्या नेमक्या उतरवणे ही मोठी बुद्धीची गोष्ट होती.

‘डिटेक्टर’ कुलपाची कल्पना इंग्लंडमधली. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, आणि दुसऱ्याच वर्षी चब बंधूंनी चुकीची किल्ली फिरवताच अडकून बसणारे कुलूप काढले. मालकाने आपली किल्ली लावली की ते अडले आहे हे कळे, म्हणजे कुणीतरी हात घातला होता हेही कळे. असे कुलूप आर्देशीरांनी इथे बनवले. त्याहून महत्त्वाचे त्यांचे स्प्रिंगविरहित कुलूप. साध्या लिव्हर कुलपात प्रत्येक लिव्हर स्प्रिंगने दाबून धरलेली असते. स्प्रिंग थकते, दमट हवेत गंजते आणि एक दिवस तुटते. मग किल्ली शाबूत, दात शाबूत, पण कुलूप मेलेले. आर्देशीरांनी स्प्रिंगच काढून टाकली आणि त्या रचनेचे पेटंट घेतले. मुंबईच्या पावसाळ्याने घालून दिलेला हा धडा होता.

त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी कारखान्याचा पसारा वाढवला. १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली. तिथे बनलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या. बारा लाखांहून अधिक, पाच रुपयांच्या आसपास एक. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावायचे तर त्या किमतीत बसत नव्हते, म्हणून अडकवण आतच बसवली. त्यानंतर १९५४ मध्ये ‘नवताल’ आले आणि गावोगावच्या दारांवर, दुकानांच्या शटरवर, बिऱ्हाडांच्या ट्रंकांवर लटकले.

कुलपाचे नाव झाले. किल्लीला मात्र कुणी नाव दिले नाही, आणि झिजते तीच. कुलूप दारावर स्थिर बसून असते. किल्ली खिशात सुट्या पैशांशी घासते, डबा उघडायला वापरली जाते, घाईत अर्धीच आत जाते आणि तशीच पिरगळली जाते. लिव्हर कुलपाच्या किल्लीचा एकेक दात एकेका लिव्हरला ठरावीक उंचीपर्यंत उचलतो. लिव्हर कमी उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही, जास्त उचलली गेली तरी नाही. म्हणून दात केसभर झिजला की किल्ली ‘अडकायला’ लागते, माणूस जोर लावतो, आणि जोर पडतो तो दात आणि दांडी जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर. किल्ली तुटते ती बहुधा तिथेच.

मग गाठावा लागतो किल्लीवाला. छावणीत गुरुवारी भरणाऱ्या आठवडी बाजारासारख्या बाजारांच्या कडेला त्याचे दुकान मावते: एक पेटी, तारेच्या कड्यात ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या, तीन-चार कानशी, पक्कड, हातोडी. किल्ली हरवलेले कुलूप हाती आले की तो कोरी किल्ली ज्योतीवर धरून काजळीने काळी करतो, कुलपात सारतो, दोन्ही बाजूंना दाबून हलवतो आणि बाहेर काढून उजेडात धरतो. जिथे लिव्हर टेकली तिथली काजळी निघून धातू चमकतो. त्या चमकेवर कानशीचे दोन हात, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. प्रत्येक फेरीला चमक थोडी सरकते. शेवटी कुलूप उघडते, तेव्हा त्याने आतली एकही लिव्हर डोळ्यांनी पाहिलेली नसते. ही विद्या पुस्तकात नाही, बोटांत आहे. मराठवाड्यात ती सांभाळणाऱ्यांत शिकलगारांची घराणी पूर्वापार आहेत. तलवारींना पाणी देणे आणि धार लावणे हे त्यांचे मूळ काम. शस्त्रांची गिऱ्हाइकी आटल्यावर तीच कानस विळ्या-सुऱ्यांकडे आणि कुलूपकिल्ल्यांकडे वळली. पुढे १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि छावणीवरून जाणाऱ्या नगर रस्त्यावर स्कूटरी वाढल्या, तेव्हा हँडल लॉकच्या किल्ल्याही या हातांखालून जाऊ लागल्या.

युरोपात किल्लीचा एक वेगळाच प्रकार रुळला आहे. तिथे राहणाऱ्या मराठी घरांना तो रोजचा. सामानाची ढकलगाडी अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने १९३७ मध्ये आणली. गाड्या सोयीच्या झाल्या तशा लोक त्या वाहनतळात कुठेही सोडून जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून नाण्याचे कुलूप आले. प्रत्येक गाडीच्या दांड्यावर एक डबी, आणि डबीला साखळीने बांधलेली एक चपटी किल्ली. ती किल्ली मागच्या गाडीच्या डबीत अडकवलेली असते. खाचेत नाणे दाबले की किल्ली सुटते आणि गाडी मोकळी होते. गाडी जागेवर आणून समोरच्या गाडीची किल्ली परत डबीत खुपसली की नाणे बाहेर पडते. इथे किल्ली कुणाच्या कमरेला नाही, ती गाडीचीच. माणसाने ठेवायची ती फक्त अनामत.

या किल्लीचे हाल गडाच्या किल्लीपेक्षा वाईट. दिवसातून कितीतरी अनोळखी हात तिला ओढतात, आणि सरळ ओढत नाहीत. गाड्या एकमेकींत रुतलेल्या असतात, माणूस त्या तिरक्या हिसडतो आणि सगळा पीळ किल्लीच्या चिंचोळ्या मानेवर येतो. मजबूत किल्ली घडवायची तर नुसता जाड पत्रा घेऊन भागत नाही, कारण डबीची खाच ठरलेली असते. मान जमेल तितकी रुंद ठेवणे, खाचेच्या आतल्या काटकोनी कोपऱ्यांना गोलाई देणे आणि साखळीचे भोक मानेपासून दूर नेणे, हे करावे लागते. तडा काटकोनात सुरू होतो, गोलाईत नाही. आणि धातू असा हवा की झिजायचेच असेल तर सहज बदलता येणारी किल्ली झिजावी, डबी नाही. ट्रंकेच्या किल्लीचा तुटका कोपरा ज्याने पाहिला आहे, त्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

आपल्याकडे हे कुलूप रुजले नाही. मॉलमध्ये गाड्या गोळा करायला माणसे असतात हे एक कारण. पण दुसरी अडचण नाण्यांचीच. १९९२ पासूनचा स्टीलचा एक रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ च्या मालिकेत रुपया सुमारे २२ मिलिमीटरवर आला आणि २५ मिलिमीटरचे माप दोन रुपयांच्या नाण्याला मिळाले. जुनी आणि नवी नाणी एकाच वेळी चलनात. खाच कोणत्या मापाची ठेवायची? ब्रिटननेही हे भोगले. २०१७ मध्ये बारा कडांचे नवे एक पौंडाचे नाणे आले, आणि टेस्कोसारख्या मोठ्या साखळीला अनेक दुकानांतल्या गाड्या काही काळ बिनकुलपाच्या ठेवाव्या लागल्या. नाणे हीच किल्लीची किल्ली असली, की टांकसाळीत केलेला बदल दुकानाच्या दारात येऊन धडकतो.

घरच्या कुलपापुरते मात्र प्रत्येकाच्या हातात काही आहे. नवे कुलूप आणले की त्यासोबतच्या किल्ल्यांपैकी एक वापरात काढू नये, खूणचिठ्ठी बांधून बाजूला ठेवावी. रोजची किल्ली झिजली की नक्कल त्या न वापरलेल्या किल्लीवरून करून घ्यावी. झिजलेल्या किल्लीवरून घेतलेली नक्कल झीजसुद्धा उचलते, आणि तिच्यावरून घेतलेली पुढची नक्कल आणखी थोडी. तिसऱ्या-चौथ्या पिढीला कुलूप उघडेनासे होते आणि चांगले कुलूप दारावरून फोडावे लागते. मधून मधून किल्लीला ग्रॅफाइटची पूड लावून ती दोनदा फिरवावी. खोबरेल किंवा गोडे तेल ओतू नये, त्यात धूळ चिकटते आणि लिव्हर जड होतात.