आगशी येथील पहलवी लेखाचा क्रूस

गोमंतकांत तिसवाडी तालुक्यांत जुवारी नदीच्या उत्तर तीरावर आगशी हें गांव आहे. तेथें सन २००१ च्या एप्रिल महिन्यांत फादर कोस्मे जुझे कॉश्ता यांस एक कोरीव पाषाणक्रूस आढळला. क्रूसाभोंवतीं पहलवी लिपींत लेख असून खालीं पोर्तुगीज अक्षरांत संत थॉमसचें नांव व १६४२ सालाचा उल्लेख आहे. या शिळेवरून पोर्तुगीजांपूर्वी गोमंतकांत ख्रिस्ती वस्ती होती असें ठरतें काय, हा खरा प्रश्न होय. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

या घाटाचे क्रूस दक्षिणेंत पूर्वीपासून परिचित आहेत. मैलापूरजवळच्या संत थॉमसच्या टेकडीवर सन १५४७ त पोर्तुगीजांस असा एक सांपडला. केरळांत कोट्टयम्, मुट्टुचिरा व कडमट्टम् येथेंहि ते आहेत. कळीप्रमाणें उमललेलीं टोंकें, वरून उतरणारें कबूतर आणि कडेनें फिरणारी लेखाची ओळ, अशी मैलापूरच्या शिळेची ठेवण आहे. तिचा लेख पोर्तुगीजांनीं एका विद्वान् ब्राह्मणाकडून वाचविला, तेव्हां त्या चार शब्दांतून संत थॉमसचें सबंध चरित्र निघालें! पुढें सन १८७३ त बर्नेल यांनीं या पहलवी लेखांवर निबंध लिहिला व सन १९२८ त विंकवर्थ यांनीं वाचन मांडलें. त्यांच्या मतें ती केवळ एका भक्ताची प्रार्थना आहे: चाहारबुख्ताचा पुत्र अफ्रास यावर प्रभूनें दया करावी. शिळेनें काय सांगावें हें आधींच ठरवून वाचावयास बसलें म्हणजे काय होतें, याचा हा नमुना वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

पहलवी ही प्राचीन इराणची लिपी. ती एकट्या ख्रिस्त्यांची नव्हे. कोल्लम येथील तरिसापल्लीच्या सन ८४९ च्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या कांहीं सह्या पहलवींत आहेत, आणि साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत सन १००९ व १०२१ सालीं आलेल्या पारशी यात्रेकरूंनीं आपलीं नांवें याच लिपींत कोरून ठेविलीं आहेत. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाचा ग्रीक लेखक 'कल्लियान' येथें इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें लिहितो. हें ठाण्याजवळचें कल्याण असावें असें पुष्कळांचें मत आहे. आगशीच्या शेजारींच कदंबांचें गोपकपट्टण हें बंदर होतें, आणि अकराव्या शतकांत पहिल्या जयकेशीच्या दरबारीं अरब घराण्यांतील अधिकारी होता हें ताम्रपटावरून दिसतें. तेव्हां या बंदरांत इराणी ख्रिस्ती व्यापारी येणें अशक्य नव्हतें, इतकें निश्चित.

परंतु शक्य तें घडलेंच असें नव्हे. पोर्तुगीजांनीं गोवें सन १५१० त घेतलें. त्यानंतर मैलापूर व केरळ यांशीं गोव्याचा नित्य संबंध होता. सन १५९९ ची उदयंपेरूरची धर्मसभा गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनींच भरविली. एखादी पूज्य शिळा त्या काळीं जहाजांतून आली नसेल असें कोण म्हणेल? पोर्तुगीज लेख शिळेच्या दुसऱ्या जन्माचा आहे. सतराव्या शतकांतील लोक तिला संत थॉमसशीं जोडीत, एवढेंच तो सांगतो. ती कोठें घडली याविषयीं तो मूक आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, पहलवी लेखावरून क्रूस पुरविणाऱ्या समाजाचें इराणी वळण सिद्ध होतें, परंतु आगशीची प्राचीन वस्ती सिद्ध होत नाहीं. तिच्या सिद्धीस दुसरी साक्ष पाहिजे: दगडाची जात दक्षिणेंतील क्रूसांच्या दगडाशीं ताडून पाहिली पाहिजे, आणि गोपकपट्टणाच्या परिसरांत त्या काळचे इतर अवशेष शोधले पाहिजेत. दगड तेथलाच निघाल्यास मात्र गोमंतकाच्या इतिहासाचें एक पान नव्यानें लिहावें लागेल.

आमच्या संग्राहक बंधूंस यांतून एक विनंति करावीशी वाटते. रुमालांतून सुटा काढलेला कागद जसा आपलें घराणें विसरतो, तसाच जागेवरून हलविलेला दगड. वस्तु हातीं येतांच ती धुण्यापूर्वीं, पुसण्यापूर्वीं, ती कोठें, कशांत व कोणत्या तोंडानें होती हें लिहून ठेवावें. अक्षरें मागाहूनहि वाचतां येतात; जागा एकदां गेली म्हणजे गेली.