स्मृतिभ्रंशातील प्रक्षोभ : शीघ्रपरिणामी औषधाची चाचणी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मध्येच येणारा प्रक्षोभ (येरझारा, आरडाओरडा, अंगावर धावून जाणे) तास-दोन तासांत शमवणाऱ्या औषधाचा गुण आणि धोका पारखणारी चाचणी.

रोज घ्यायच्या औषधांसाठी वापरली जाणारी कोहेन-मॅन्सफील्ड मापिका मागच्या दोन आठवड्यांचे वर्तन विचारते; ती येथे निरुपयोगी. म्हणून स्किझोफ्रेनियासाठीच्या 'पॅन्स' मापिकेतील पाच बाबी घेतात : ताण, उत्तेजना, वैरभाव, असहकार आणि आवेगावरील ढळलेला ताबा. प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५. औषधापूर्वीची आणि दोन तासांनंतरची बेरीज ताडून पाहतात. ओलॅन्झापिनच्या इंजेक्शनची २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याच मापिकेवर झाली. त्यात ओलॅन्झापिन व लोराझेपाम दोन्ही दोन तासांनी नकली औषधापेक्षा सरस ठरली. मात्र २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) इशारा दिला, की नव्या पिढीतील मनोविकाररोधक औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे १.६ ते १.७ पट होते. तेव्हापासून पर्यायाचा शोध अधिक निकडीचा झाला.

डेक्समेडेटोमिडिन हा असा एक पर्याय. अतिदक्षता विभागात शिरेतून दिले जाणारे हे जुने औषध मेंदूतील नॉरअॅड्रेनॅलिनचा स्राव घटवते. जिभेखाली विरघळणाऱ्या पट्टीच्या रूपात ते २०२२ मध्ये स्किझोफ्रेनिया व द्विध्रुवी विकारातील प्रक्षोभासाठी मंजूर झाले. गिळल्यास त्याचा बराच अंश वाया जातो. त्यामुळे चिडलेला, गोंधळलेला माणूस पट्टी तोंडात राहू देईल का, हाही चाचणीचाच प्रश्न. अल्झायमरच्या 'ट्रँक्विलिटी २' चाचणीत ४० व ६० मायक्रोग्रॅमच्या मात्रा तपासल्या. ६० ची मात्रा दोन तासांच्या निकषावर उतरली, ४० ची नाही. जून २०२३ मध्ये निकाल आले, पण त्याच वेळी एका प्रमुख संशोधकाच्या नोंदींच्या सचोटीविषयी शंका उघड झाली. त्याच्या केंद्रातले रुग्ण एकूण संख्येचा मोठा वाटा असल्याने निकालाचे वजन घटले.

खरी अडचण मापनाचीच आहे. झोपी गेलेला रुग्णही पाचही बाबींत कमी गुण मिळवतो, म्हणून शांतता आणि गुंगी वेगळी मोजावी लागते. त्यासाठी १ (तीव्र प्रक्षोभ) ते ९ (जागा न होणारा) अशी दुसरी मापिका जोडतात. रक्तदाब आणि नाडीही पाहतात, कारण डेक्समेडेटोमिडिन दोन्ही उतरवते आणि उठताना तोल गेलेल्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडू शकते. नकली औषधाच्या गटातील रुग्णही बऱ्याच अंशी शांत होतात : कोणी जवळ बसले, बोलले, हेही उपचारासारखेच काम करते. संमती बहुधा नातेवाईक देतात.

मे २०२३ मध्ये अल्झायमरमधील प्रक्षोभासाठी अमेरिकेत मंजूर झालेले ब्रेक्सपिप्राझोल हे रोज घ्यायचे औषध आहे. 'लागेल तेव्हा' देण्यासाठी ते नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे.