मनमाडच्या टँकरपासून पुण्याच्या विमानापर्यंत

मी सातपूरचा. आमच्याकडे घड्याळापेक्षा एमआयडीसीच्या भोंग्यावर जास्त भरवसा. वडील फर्स्ट शिफ्टला गेले की आम्ही पोरं गच्चीवर, ओझरच्या एचएएलची विमानं बघायला. मला तेव्हा वाटायचं, विमान कसल्यातरी जादूच्या तेलावर उडत असणार. मोठेपणी कळलं, जेट विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच जास्त शुद्ध केलेला भाऊ!

आज गोष्ट त्याचीच. हे रॉकेल जमिनीखालून न काढता शेतातून, मळीतून, तळणीच्या तेलातून काढलं, तर त्याला म्हणतात एसएएफ, म्हणजे शाश्वत विमान इंधन. भारत याचा मोठा उत्पादक होऊ शकतो, असं आपण सारखं ऐकतो. होऊ शकतो, मान्य. पण शेतातून इंधन काढायचा खेळ आपल्या नाशिक जिल्ह्यानं आधीच खेळलाय. तो आधी ऐका.

सुरुवात १९४८ पासून. त्या वर्षी देशात कायदा झाला, इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट. साखर कारखान्यात उरलेल्या मळीपासून अल्कोहोल करायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायचं. म्हणजे इथेनॉल ही काही आजची आयडिया नाही. पुढे हा कायदा कागदावर पडून राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, सरकारनं पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे तीन प्रायोगिक प्रकल्प सुरू केले. एक उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आवळ्याला, दोन महाराष्ट्रात. एक मिरजेला, आणि दुसरा? आपल्या मनमाडला! २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोचला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

हे जमलं, कारण ऊस होता, कारखाने होते, आणि तेल कंपन्या ठरलेल्या भावानं इथेनॉल विकत घेत होत्या. हा तिसरा मुद्दा लक्षात ठेवा.

कारण दुसरी गोष्ट मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची. निफाडचे विनायकदादा पाटील, ज्यांना लोक वनाधिपती म्हणायचे, त्यांनी नाशिकमधून वनशेतीची चळवळ उभी केली आणि जट्रोफाचाही प्रयोग केला. पुढे २००३ नंतर देशभर जट्रोफाची लाट आली. पडीक जमीन चालेल, पाणी नको, जनावर तोंड लावत नाही, असं सांगितलं जायचं. माझ्या मामानंही एका एजंटाकडून रोपं घेऊन दोन एकरांत लावली. झाडं जगली हो! पण जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. पाणी-खत नाही तर बी नाही. जे थोडं आलं, ते घ्यायला एजंट परत फिरकला नाही. मामी ते बी पावसाळ्यात चूल पेटवायला वापरायची.

आणि तरीही २७ ऑगस्ट २०१८ ला देहरादूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं एक विमान जट्रोफाचं इंधन मिसळून उडालं! देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं ते बनवलं होतं. म्हणजे विज्ञान पास झालं होतं, नापास झाला होता शेतातला हिशोब.

मग १९ मे २०२३. पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं प्रवासी विमान निघालं, देशी एसएएफ मिसळून. इंधनामागे होते इंडियन ऑइल आणि पुण्याची प्राज इंडस्ट्रीज. मिश्रण जेमतेम १ टक्क्यापर्यंत, पण प्रवासी घेऊन जाणारं असं ते देशातलं पहिलं व्यावसायिक उड्डाण.

अल्कोहोलपासून जेट इंधन बनतं कसं? इथेनॉलमधून पाणी काढायचं, उरलेल्या इथिलीनचे छोटे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या, वर हायड्रोजन द्यायचा. पण ४६ किलो इथेनॉलमधून १८ किलो पाणीच निघून जातं, हाती उरतं २८ किलो. म्हणजे विमानासाठी ऊस भरपूर लागणार. आणि उसाला पाणी किती लागतं, हे महाराष्ट्राला मी सांगायला नको.

त्याच वर्षी पाऊस कमी झाला. साखर कमी पडेल म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात थोडी सूट मिळाली, पण कारखान्यांची झोप उडाली ती उडालीच. एका कोरड्या पावसाळ्यानं दाखवून दिलं, की ताट आणि टाकी समोरासमोर आली तर आधी ताट.

आता लक्ष्य ठरलंय. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के एसएएफ. पानिपतच्या रिफायनरीत वापरलेल्या खाद्यतेलापासून वर्षाला ३५,००० टन बनवायची तयारी आहे. मला ही वाट जास्त पटते. वडे तळून काळं पडलेलं तेल, भाताचा पेंढा, उसाचं चिपाड. जे उरतं, त्यातून उडायचं.

फक्त एक अट. गोळा करणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला भाव आधी लेखी मिळाला पाहिजे. मनमाडला खरेदीदार होता, मामाच्या बांधावर नव्हता. फरक एवढाच होता, मंडळी.

तुमच्या गावात कुणी मोगली एरंड लावली होती का? घरी विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!